वाळूला ओळखणारा माणूस: राल्फ बॅग्नोल्ड आणि वाळवंटातल्या बंदुका

१७ जानेवारी १८८५. सुदानच्या वाळवंटात अबू क्ली नावाच्या विहिरींजवळ सुमारे चौदाशे ब्रिटिश सैनिक चौरस व्यूह करून उभे होते. खार्टूममध्ये वेढल्या गेलेल्या जनरल गॉर्डनला सोडवायला ही फौज निघाली होती. समोरून महदीचे हजारो योद्धे भाले आणि तलवारी घेऊन धावत आले. ब्रिटिशांच्या हातात त्या काळातली नावाजलेली मार्टिनी-हेन्री रायफल होती. सोबत नौदलाची गार्डनर तोफही होती. ही तोफ म्हणजे हँडल फिरवून चालवायची मशीनगनच.

ऐन मोक्याच्या क्षणी गार्डनर अडकली. अनेक रायफलींमध्येही काडतुसं रुतून बसली. मार्टिनी-हेन्रीच्या काडतुसाचं आवरण पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी करून बनवलेलं असे. गोळीबाराने नळी तापली, वर धूळ बसली, की झाडलेलं आवरण चेंबरला चिकटायचं. ते बाहेर ओढताना फक्त बूड निसटून यायचं आणि बाकीचा पत्रा आतच राहायचा. व्यूह फुटला आणि काही मिनिटांत ७४ ब्रिटिश मारले गेले. महदीच्या बाजूला त्याच्या कित्येक पट माणसं पडली. ब्रिटिशांनी लढाई जिंकली, पण ते खार्टूमला पोचले तेव्हा उशीर झाला होता. गॉर्डन दोन दिवस आधीच मारला गेला होता.

गॉर्डनला सोडवण्याच्या त्या मोहिमेत रॉयल इंजिनिअर्सचा आर्थर बॅग्नोल्ड नावाचा एक अधिकारी होता. अकरा वर्षांनी त्याला मुलगा झाला. वाळू म्हणजे नेमकं काय, ती कशी चालते, यंत्रात कशी शिरते आणि तिच्यासोबत राहायचं कसं, हे शोधण्यात या मुलाचं आयुष्य गेलं. त्याचं नाव राल्फ बॅग्नोल्ड.

सैनिक, इंजिनिअर आणि फोर्ड गाडी

राल्फचा जन्म ३ एप्रिल १८९६ रोजी इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्टचा. मोठी बहीण एनिड पुढे नामांकित लेखिका झाली. राल्फने मात्र वडिलांची वाट धरली. वूलिचच्या मिलिटरी अकादमीतून तो १९१५ मध्ये रॉयल इंजिनिअर्समध्ये दाखल झाला आणि पहिल्या महायुद्धाची तीन वर्षं त्याने फ्रान्समधल्या खंदकांत काढली. युद्ध संपल्यावर केंब्रिजला जाऊन इंजिनिअरिंग शिकला आणि पुन्हा सैन्यात, सिग्नल्स विभागात परतला.

१९२६ मध्ये त्याची बदली कैरोला झाली. तिथले बहुतेक ब्रिटिश अधिकारी सुट्टीत पोलो खेळत. बॅग्नोल्ड आणि त्याचे काही मित्र मात्र पदरचे पैसे घालून फोर्डच्या साध्या गाड्या घेत आणि नाईल सोडून पश्चिमेकडच्या वाळवंटात शिरत. लिबियन वाळवंट म्हणतात त्याचा मोठा भाग इजिप्तमध्येच येतो. त्यात ग्रेट सँड सी नावाचा वाळूचा समुद्र आहे. शंभर-शंभर मीटर उंचीच्या टेकड्यांच्या रांगाच्या रांगा. यातून मोटार जाऊच शकत नाही, असं तेव्हा सगळे धरून चालले होते.

बॅग्नोल्डने मोटार नेली. आणि ते करताना एकेक अडचण इंजिनिअरच्या डोक्याने सोडवली.

गाडीची चाकं रुतत, म्हणून त्याने टायरमधली हवा कमी केली. चाकाचा जमिनीवरचा पसारा वाढला आणि रुतणं कमी झालं. तरीही रुतलीच, तर चाकाखाली घालायला पन्हाळीसारखे लोखंडी पत्रे सोबत ठेवले. गाडीच्या लोखंडामुळे होकायंत्र चुकीची दिशा दाखवायचं, म्हणून त्याने सूर्याच्या सावलीवर चालणारं होकायंत्र बनवलं. मधोमध एक सुई, भोवती अंशांची तबकडी. सावली कुठे पडते ते पाहून दिशा धरायची, तीही गाडी न थांबवता.

पाण्याची अडचण सर्वांत मोठी होती. इंजिन तापलं की रेडिएटरमधलं पाणी वाफ होऊन उडून जाई. बॅग्नोल्डने रेडिएटरला नळी जोडून ती बाजूच्या पाणी भरलेल्या डब्यात सोडली. वाफ डब्यात जाऊन थंड होई आणि इंजिन निवलं की तेच पाणी परत रेडिएटरमध्ये ओढलं जाई. विकर्स मशीनगनची नळी थंड ठेवणाऱ्या पाण्यासाठीही अशीच नळी आणि डब्याची सोय असे. बंदूक असो की मोटार, वाळवंटात तापलेल्या लोखंडापुढचा प्रश्न एकच होता.

मध्ये काही काळ तो हिंदुस्थानात, वायव्य सरहद्दीकडे होता. तिथे पाहिलेली एक साधी गोष्ट पुढे त्याच्या माणसांच्या फार उपयोगी पडली. ती पुढे येईलच.

या प्रवासांसाठी रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १९३४ मध्ये त्याला सुवर्णपदक दिलं. १९३५ मध्ये ‘लिबियन सँड्स’ हे त्याचं प्रवासवर्णन आलं. त्याच वर्षी आजारपणामुळे तो सैन्यातून निवृत्त झाला. वय अवघं ३९.

वाळू आणि धूळ एक नाही

निवृत्त मेजरने मग एक वेगळंच काम हाती घेतलं. वाळवंटात त्याने चंद्रकोरीच्या आकाराच्या टेकड्या पाहिल्या होत्या. वारा त्यांना वर्षानुवर्षं पुढे सरकवतो, तरी त्यांचा आकार मोडत नाही. असं का होतं, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. बॅग्नोल्डने लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये जागा मागून घेतली, स्वतःच्या हाताने एक वातबोगदा उभारला, त्यात वाळू पसरली आणि वारा सोडला.

त्याला दिसलं ते असं. वाऱ्याने उचललेला वाळूचा कण हवेत तरंगत राहत नाही. तो उडी मारतो, थोडं अंतर पुढे जातो आणि खाली आपटतो. आपटताना दुसऱ्या कणांना उडवतो. ते पुढच्यांना उडवतात. काही जड कण नुसतेच ढकलले जाऊन जमिनीवरून सरपटतात. वाळूचं वादळ म्हणजे अशा कोट्यवधी उड्या. यातले बहुतेक कण जमिनीलगतच राहतात. गोट्यांच्या कठीण जमिनीवर त्यांची उडी उंच जाते, पण तीही एक-दोन मीटरच्या वर क्वचितच.

धुळीचं गणित वेगळं. धुळीचे कण इतके बारीक असतात, की हवेतली साधी खळबळही त्यांना वर धरून ठेवते. ते हजारो फूट चढतात आणि शेकडो किलोमीटर जातात. गंमत म्हणजे नुसत्या वाऱ्याला ही धूळ जमिनीवरून सहज उचलता येत नाही, कारण बारीक कणांचा थर गुळगुळीत असतो आणि वाऱ्याला पकड मिळत नाही. मग ती उडते कशाने? वरून आपटणाऱ्या वाळूच्या कणांनी, जनावरांच्या खुरांनी आणि गाड्यांच्या चाकांनी.

बॅग्नोल्डने हे टेकड्यांचं कोडं सोडवण्यासाठी शोधलं होतं, बंदुकांसाठी नव्हे. पण वाळवंटात रायफल दगा का देते, हे समजून घ्यायला वाळू आणि धूळ यांतला हाच फरक उपयोगी पडतो.

रायफल अडते कशी?

वाळूचा दाणा बहुधा गारगोटीच्या जातीचा, म्हणजे क्वार्ट्झचा असतो. तो साध्या पोलादाहून कठीण असतो. असा एक दाणा बोल्टच्या खाचेत किंवा मॅगझिनच्या स्प्रिंगखाली अडकला, तर काम तिथेच थांबतं. पण दाणा डोळ्यांना दिसतो, बोटांना लागतो आणि फुंकर मारून निघतो. शिवाय तो जमिनीलगत असतो. म्हणून वाळवंटातला पहिला नियम सोपा आहे: हत्यार जमिनीवर ठेवायचं नाही. रात्री झोपताना जमिनीवर आडवी टाकलेली रायफल सकाळी वाळूने भरलेली मिळते. तीच गाडीच्या कडेला उंचावर अडकवलेली असेल, तर वाचते.

खरी चोरटी असते ती धूळ. ती कुठल्याही फटीतून शिरते. आणि शिरल्यावर तिला तेल भेटलं, की घात होतो.

थंड, ओलसर प्रदेशात शिकलेला सैनिक रायफलला भरपूर तेल लावतो, कारण तिथे शत्रू गंज असतो. तीच सवय घेऊन तो वाळवंटात येतो. तेलावर धूळ चिकटते आणि त्यातून तयार होतो एक लेप, अगदी पॉलिश पेपरवरच्या खरीसारखा. बोल्ट जितका मागेपुढे करावा, तितका हा लेप पोलाद घासत राहतो. गार पहाटे दव पडतं, दुपारी ते सुकतं आणि लेप आणखी घट्ट होतो. म्हणून वाळवंटात लढलेल्या फौजा एक उलटी वाटणारी गोष्ट शिकल्या. रायफलचे सरकणारे भाग जवळजवळ कोरडे ठेवायचे. तेल लावायचंच, तर पुसट हात फिरवावा इतकं. काडतुसांना तर तेल अजिबात लागू द्यायचं नाही. त्यावर धूळ बसते ती थेट चेंबरमध्ये जाते, आणि तेलकट काडतूस झाडलं की बोल्टवर बसणारा धक्काही वाढतो.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि हिंदी सैनिकांच्या हातात .३०३ ली-एनफिल्ड रायफल होती. तिचा बोल्ट हाताने उचलून मागे ओढायचा आणि पुढे ढकलायचा असतो. वाळवंटात हा साधेपणाच तिचं बळ ठरला. कचरा शिरून बोल्ट जड झाला, तरी माणसाचा दंड जास्त जोर लावू शकतो. आपोआप चालणाऱ्या बंदुकीत हे काम गोळीच्या वायूला आणि स्प्रिंगला करावं लागतं, आणि त्यांचा जोर ठरलेला असतो. लुईस मशीनगनचं तसंच होतं. वर बसणाऱ्या तिच्या गोल तबकडीत ४७ काडतुसं मावत, पण ती तबकडी खालून उघडी असे. धुळीला आयतं निमंत्रणच.

ली-एनफिल्डच्या दस्त्यात एक छोटा कप्पा असे. त्यात तेलाची पितळी कुपी आणि पुलथ्रू, म्हणजे एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला फास असलेली दोरी. फासात कापडाची चिंधी अडकवायची, वजन नळीतून खाली सोडायचं आणि दोरी एका दमात ओढायची. आपल्याकडे एनसीसीत रायफल साफ केलेल्या अनेकांना हे चांगलं आठवेल. बोल्टवर बांधायला कॅनव्हासचं आवरणही मिळे. रायफलचा भरवसा टिकवण्याची सामग्री एवढीच: एक चिंधी, एक दोरी आणि एक कापड. बाकीची सगळी शिस्त.

टक्कर झालेलं जहाज

१९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि बॅग्नोल्डला सैन्याने परत बोलावलं. वाळवंट जाणणाऱ्या या माणसाची नेमणूक झाली केनियात! पण भूमध्य समुद्रात त्याच्या जहाजाची दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाली आणि दुरुस्तीसाठी ते इजिप्तच्या पोर्ट सईद बंदराला लागलं. बॅग्नोल्ड जुन्या मित्रांना भेटायला कैरोला गेला. तिथल्या वर्तमानपत्रात त्याच्या येण्याची बातमी छापून आली आणि ती जनरल वेव्हेलच्या कानावर गेली. हाच वेव्हेल पुढे हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला. त्याने बॅग्नोल्डला इजिप्तमध्येच ठेवून घेतलं.

बॅग्नोल्डची कल्पना अशी होती: निवडक माणसं, हलके ट्रक आणि वाळूच्या समुद्रातून शत्रूच्या पाठीमागे शेकडो किलोमीटर मुसंडी. मुख्यालयाने हा प्रस्ताव दोनदा फेटाळला. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली. शेजारच्या लिबियात इटलीचं मोठं सैन्य होतं आणि इजिप्तमध्ये ब्रिटिश फौज तोकडी होती. आता बॅग्नोल्डचा कागद थेट वेव्हेलच्या टेबलावर गेला. वेव्हेलने त्याला हवे ते अधिकार दिले आणि मुदत दिली सहा आठवड्यांची.

त्या सहा आठवड्यांत बॅग्नोल्डने तीन तुकड्या उभ्या केल्या. जुने सोबती बिल केनेडी शॉ आणि पॅट क्लेटन यांना दूरदूरच्या नोकऱ्यांतून बोलावून घेतलं. ट्रक शेवरलेटचे. काही अलेक्झांड्रियाच्या विक्रेत्याकडून घेतले, तर काही इजिप्तच्या सैन्याकडून मागून आणले. माणसं निवडली न्यूझीलंडची, त्यातले बरेच शेतकरी. त्यांनी वाळवंट कधी पाहिलं नव्हतं. पण अंगणातला ट्रॅक्टर बंद पडला तर मेकॅनिकची वाट न पाहता स्वतः दुरुस्त करायची त्यांना सवय होती, आणि वाळवंटात तीच हवी होती.

बुटात वाळू भरते, पाय सोलवटतात. बॅग्नोल्डच्या माणसांनी त्यावर उपाय केला तो वायव्य सरहद्दीवरच्या चपलीचा. पठाण घालतात तशी जाड चामड्याची, पुढून उघडी. वाळू एका बाजूने शिरते आणि दुसऱ्या बाजूने निघून जाते. हिंदुस्थानात पाहिलेली हीच ती साधी गोष्ट. वाळू अडवता येत नसेल तर तिला बाहेर पडायला वाट ठेवायची, हे तत्त्व चपलेला लागू पडतं तसंच यंत्रालाही पडतं. भागांमध्ये जरा मोकळीक असलेली बंदूक अगदी घट्ट बसवलेल्या बंदुकीपेक्षा घाण जास्त सोसते, ते याच कारणाने.

हजार किलोमीटरवर मदत नाही

सप्टेंबर १९४० मध्ये या तुकड्या कैरोतून बाहेर पडल्या. त्यांचं नाव पुढे लाँग रेंज डेझर्ट ग्रुप असं झालं. प्रत्येक ट्रकवर इंधन, पाणी, अन्न, दारूगोळा, आणि उभ्या खांबांवर लुईस किंवा विकर्स मशीनगन. कडेला रायफली अडकवलेल्या. काही ट्रकांवर रणगाडाविरोधी बॉइज रायफल.

अशा तुकडीत हत्यार बिघडणं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. शस्त्रागार हजार किलोमीटर मागे. सुटा भाग मागवायची सोय नाही. तुकडीत मोजकी माणसं आणि मोजक्या बंदुका. शिवाय दिवसभर पुढच्या ट्रकची धूळ मागच्या ट्रकवर. बॅग्नोल्डने दाखवलं होतं, की गाडीचं चाक हेच धूळ उडवणारं मोठं यंत्र. म्हणजे हत्यारांचा शत्रू ही माणसं स्वतःच तयार करत पुढे जात होती.

म्हणून चालताना मशीनगनवर कापडी आवरण, आणि मुक्काम पडला की सफाई. थोडी करायची, पण रोज करायची. सगळी हत्यारं एकाच वेळी उघडायची नाहीत. एकाची खोलून साफ होत असताना दुसऱ्याची तयार असली पाहिजे. मॅगझिन रिकामं करायचं, प्रत्येक काडतूस कोरड्या कापडाने पुसायचं आणि पुन्हा भरायचं. कंटाळवाणं काम. पण अबू क्लीला जे झालं ते टाळायचा रस्ता यातूनच जात होता.

११ जानेवारी १९४१ रोजी दोन तुकड्या आणि काही फ्रेंच सैनिक यांनी दक्षिण लिबियातल्या मुर्झुक इथल्या इटालियन तळावर भरदिवसा छापा घातला. ब्रिटिश कैरोहून इतक्या दूर येतील, असं तिथे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. विमानतळावरची विमानं जाळली गेली. अशा छाप्यांमुळे इटलीला दूरदूरच्या ठाण्यांवर जास्तीची कुमक गुंतवून ठेवावी लागली.

पण वाळवंटाने किंमतही वसूल केली. त्याच महिन्याच्या अखेरीस क्लेटनची तुकडी इटालियन गाड्या आणि विमानांच्या तडाख्यात सापडली. क्लेटन पकडला गेला. मागे राहिलेले चार जण शत्रूला शरण न जाता चालत निघाले. जवळ जेमतेम पाणी, अन्न जवळपास नाहीच. दहा दिवसांत सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापल्यावर ते फ्रेंचांना सापडले. एक जण सापडल्यावरही वाचला नाही. बंदूक कितीही चोख ठेवली, तरी वाळवंटात शेवटचा हिशेब पाण्याचा असतो.

ऑगस्ट १९४१ मध्ये बॅग्नोल्डने तुकडीची सूत्रं गाय प्रेंडरगास्ट या जुन्या सोबत्याकडे दिली आणि तो कैरोच्या मुख्यालयात गेला. पुढे या दलाच्या जोडीला हिंदी घोडदळातून निवडलेल्या जवानांची इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रनही आली. हत्यारंही बदलली. लुईसच्या जागी विमानांवरची वेगवान विकर्स गन आणि जड ब्राउनिंग दिसू लागल्या. मुक्कामावरची चिंधी मात्र बदलली नाही.

मंगळावरची वाळू

युद्धाच्या ऐन धुमाळीत, १९४१ मध्ये, बॅग्नोल्डचं ‘द फिजिक्स ऑफ ब्लोन सँड अँड डेझर्ट ड्यून्स’ हे पुस्तक प्रकाशित झालं. वाळूच्या हालचालीवरचा तो आजही पायाभूत ग्रंथ मानला जातो. १९४४ मध्ये त्याला रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं. त्याच सुमारास तो ब्रिगेडियर म्हणून सैन्यातून कायमचा बाहेर पडला.

उरलेलं आयुष्य त्याने नद्यांच्या तळाशी वाहणाऱ्या गाळाचा अभ्यास करण्यात घालवलं. वाऱ्याने वाहणारी वाळू आणि पाण्याने वाहणारी वाळू यांचे नियम तो शोधत राहिला. १९७७ मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, पृथ्वी आणि मंगळावरच्या वाळवंटांविषयीच्या नासाच्या परिषदेत त्याने बीजभाषण केलं. २८ मे १९९० रोजी, ९४ वर्षांचा असताना, त्याचं निधन झालं. त्याचं आत्मचरित्र त्याच वर्षी आलं.

२०१५ च्या अखेरीस नासाची क्युरिऑसिटी गाडी मंगळावर एका काळसर वाळूच्या टेकड्यांच्या पट्ट्यापाशी पोचली. त्या पट्ट्याला नाव दिलंय बॅग्नोल्ड ड्यून्स. तिथे दुरुस्तीला येणारं कुणी नाही. म्हणजे गाडी वाळूत रुतू न देणं आणि यंत्रं धुळीत चालती ठेवणं, हे बॅग्नोल्डचे जुनेच प्रश्न तिथेही आहेत.

बापाच्या पिढीला वाळू म्हणजे नशिबाचा भाग वाटत होती. रायफल अडकली तर अडकली. मुलाने तीच वाळू वातबोगद्यात पसरून तिचे नियम शोधले. आजही वाळवंटात तैनात असलेला जवान संध्याकाळी चिंधी काढून कोरड्या हाताने बोल्ट पुसायला बसतो, तेव्हा तो वाळूला हरवत नसतो. ती कशी वागते हे ओळखून, रोज थोडं थोडं तिला दूर ठेवत असतो.